सॅच्युरेशन ९९ आहे, पण मेंदूला ऑक्सिजन पोचतोय का?

रात्रपाळी

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज सुट्टी आहे आणि डोक्यात तेच घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे डोक्याला जबर मार लागलेले पेशंट येतात, म्हणजे ज्यांचा ग्लासगो कोमा स्केल ८ किंवा त्याच्या खाली असतो, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, सांगितलेलं कळत नाही, जवळपास सगळेच व्हेंटिलेटरवर. नातेवाईक आत आले की पहिली नजर मॉनिटरवर जाते. सॅच्युरेशन म्हणजे काय हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय, त्यामुळे ९९ दिसलं की जरा जिवात जीव येतो. "ऑक्सिजन चांगला आहे ना सिस्टर?" आणि मला दरवेळी वाटतं यांना पाच मिनिटं बसवून सांगावं की अहो, तो आकडा बोटाचा आहे, मेंदूचा नाही.

बोटाला लावलेला चिमटा धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के भरलेलं आहे एवढंच सांगतो. मालगाडी भरून निघाली इतकंच त्यातून कळतं. ती मेंदूच्या स्टेशनात पोचली का, माल उतरला का, की वाटेत रूळच अरुंद झाले, हे त्या चिमट्याला कळायला मार्गच नाही.

आणि मेंदूचं गणित फार कडक असतं. वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळपास २० टक्के, आणि साठा म्हणाल तर काहीच नाही. रक्त थांबलं की १० सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते आणि काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. डोकं आपटताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, ते कोणालाच उलटवता येत नाही. पण पुढच्या तासांत आणि दिवसांत सूज येते, आतलं प्रेशर चढतं, बीपी पडतं, आणि जो भाग वाचण्यासारखा होता तोही उपासमारीने जातो. आम्ही याला दुसरा मार म्हणतो. आयसीयूतली सगळी धडपड या दुसऱ्या माराशी चाललेली असते.

प्रेशर आम्ही मोजतोच. कवटी म्हणजे बंद डबा, आत मेंदू, रक्त आणि पाणी, एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. डॉक्टर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि डॉक्टर केली यांनी १८२४ मध्ये हे मांडून ठेवलंय. डोक्यातलं प्रेशर म्हणजे आयसीपी २२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊन तिथेच राहिलं की उपचार वाढवायचे, आणि सरासरी बीपीतून ते वजा करून जे उरतं, म्हणजे मेंदूत रक्त ढकलणारं प्रेशर, सीपीपी, ते ६० ते ७० मध्ये ठेवायचं. पण प्रेशर ठीक आहे म्हणजे ऑक्सिजन ठीक आहे असं नाही, आणि धागा काढण्याचं कारण तेच.

काही पेशंटना प्रेशरच्या प्रोबबरोबर अजून एक बारीक प्रोब घालतात, केसाएवढी नाही पण बारीक वायरसारखी. कपाळाच्या वर, केस सुरू होतात त्याच्या थोडं मागे कवटीला छोटं भोक, त्यात बोल्ट, आणि त्यातून प्रोब दोन-तीन सेंटिमीटर आत मेंदूच्या पांढऱ्या भागात. तिथल्या ऊतकात ऑक्सिजनचा दाब किती आहे ते ती सतत सांगते. डॉक्टर पीबीटीओटू म्हणतात, आम्ही वॉर्डात सरळ "ब्रेन ऑक्सिजन" म्हणतो. साधारण २३ ते ३५ मिलिमीटर पारा असेल तर बरं, २० च्या खाली गेलं की शोधाशोध सुरू, आणि १० च्या खाली म्हणजे धावपळ.

एका रात्रीचं सांगते. विशीतला मुलगा, तिसरी रात्र. मी ड्युटीवर आले तेव्हा प्रेशर १५, सीपीपी ६८, ब्रेन ऑक्सिजन २६, सगळं शांत. एकच्या सुमाराला सक्शन केलं, म्हणजे श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढला, तर प्रेशर एकदम २९ ला गेलं आणि खाली येईना. डॉक्टरांनी सेडेशन म्हणजे गुंगीचं औषध वाढवलं, व्हेंटिलेटरचा रेट मिनिटाला १६ श्वासांवरून २४ केला, प्रेशर उतरलं आणि ते दुसऱ्या बेडकडे धावले, तिकडे पण तसंच काहीतरी चाललं होतं. मी चार्ट भरत होते. अर्ध्या तासाने मान वर करून बघितलं तर प्रेशर ११, इतकं सुंदर प्रेशर त्या मुलाचं तीन दिवसांत नव्हतं. सॅच्युरेशन ९९. बीपी छान. आणि ब्रेन ऑक्सिजन १७. आधी वाटलं वायर ओढली गेली असेल, बोल्टपासून केबल हाताने चाचपत मशीनपर्यंत गेले, सगळं जागच्या जागी. मान सरळ, डोकं ३० अंश वर, ताप नाही. तोवर १४. मग १२. तेव्हा कॅपनोग्राफवर नजर गेली, बाहेर सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो तो, त्यावर एंड टायडल २५, फारच कमी. रेट २४ वरच राहिला होता, परत खाली घ्यायचा राहून गेला होता. तो मुलगा भराभर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होता, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या, आत रक्तच कमी येत होतं म्हणून प्रेशर इतकं छान दिसत होतं. डॉक्टरांना हाक मारली, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी पाठवली, त्यात कार्बन डायऑक्साइड २७. रेट टप्प्याटप्प्याने खाली घेतला. मी तिथून हलले नाही. १२, १३, १६, १९, आणि वीसेक मिनिटांत २३.

ती प्रोब नसती तर मी सकाळी हँडओव्हर देताना "रात्र शांत गेली, प्रेशर अकरा-बारा" असं समाधानाने सांगितलं असतं. हे अजून मला टोचतं.

कुणाला अनुभव असेल, प्रश्न असतील तर लिहा. मी डॉक्टर नाही, पण जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

कवडसा

ताई, तुमचं वाचून हात थरथरतायत. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडला, डोक्याला मार, अकरा दिवस व्हेंटिलेटर. त्याच्या डोक्यात अशाच दोन वायरी होत्या. आम्हाला एवढंच सांगितलेलं की एक प्रेशरची आणि एक ऑक्सिजनची. आई दिवसातून दोनदा आत जायची आणि बाहेर येऊन आकडे सांगायची. एका संध्याकाळी ती बाहेर आली आणि म्हणाली ऑक्सिजन ९ आहे. नऊ! आम्ही बाहेर बसून १०० पैकी ९ असं समजत होतो. माझे काका तर तिथेच खाली बसले. कोणी सांगितलंच नाही की हा आकडा टक्क्यांत नसतो. तो आता घरी आहे, चालतो, बोलताना शब्द शोधत बसतो पण बोलतो. पण ती संध्याकाळ आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

रात्रपाळी

कवडसा, ९ खरंच काळजीचा आकडा होता, ते खोटं सांगणार नाही. पण १०० पैकी ९ नव्हे हो. चांगल्या मेंदूतही हा आकडा तिशीच्या आसपासच असतो. हे तुम्हाला त्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. भाऊ बोलतोय हे वाचून फार बरं वाटलं.

ऑपअँप

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मेडिकलमधलं काही कळत नाही. पण सेन्सर कसा चालतो हे कुणी सांगेल का? ऊतकाच्या आत ऑक्सिजन मोजायचा म्हणजे तिथलं रक्त काढल्याशिवाय कसं? आणि ड्रिफ्ट किती, म्हणजे वेळ जाईल तसा आकडा आपोआप किती सरकतो?

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ, बरीच वर्षं आयसीयूत. ऑपअँप, तत्त्व जुनं आहे. लीलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला, एक पातळ पडदा, त्यातून ऑक्सिजन झिरपून आत येतो, आतल्या कॅथोडवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि जेवढा ऑक्सिजन तेवढा करंट. एबीजी मशीन याच तत्त्वावर चालायला लागलं. मेंदूतली प्रोब म्हणजे त्याचंच अगदी बारीक रूप. दुसऱ्या प्रकारच्या प्रोबमध्ये प्रकाश वापरतात, टोकाला चमकणारं द्रव्य असतं, ऑक्सिजन जास्त असेल तर ती चमक लवकर विझते, विझायला किती वेळ लागला त्यावरून आकडा. क्लार्क प्रकारात इलेक्ट्रोड स्वतः ऑक्सिजन थोडासा खातो, प्रकाशवाल्यात ते नाही. तापमानाचा दोन्हींवर परिणाम होतो म्हणून मेंदूचं तापमानही सोबत मोजतात किंवा मशीनमध्ये भरावं लागतं.

आत घातल्यावर पहिला तासभर, कधी दोन तास, आकडा विश्वासाचा नसतो, कारण घालतानाच आजूबाजूला सूक्ष्म इजा होते. त्यात आकडा ५ दाखवला म्हणून कुणी घाबरून औषधं बदलू नयेत.

महत्त्वाचं म्हणजे ही प्रोब मोजते किती? १५ घन मिलिमीटरच्या आसपास. अख्खा मेंदू तेराशे-चौदाशे घन सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या शेताच्या एका कोपऱ्यात काठी खुपसून ओल बघण्यासारखं आहे. काठी कुठे खुपसली त्यावर सगळं. चांगल्या दिसणाऱ्या भागात घातली तर साधारण सगळ्या मेंदूचा अंदाज येतो, मार लागलेल्या भागाच्या कडेला घातली तर धोक्यात असलेल्या भागाची खबर लागते, आणि नेमकी गुठळीतच गेली तर आकड्याला काही अर्थ नाही. म्हणून घातल्यावर सीटी करून टोक कुठे आहे ते बघितल्याशिवाय मी आकड्यावर बोलत नाही.

शंका आली तर सोपी तपासणी आहे. व्हेंटिलेटरवर काही मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा. प्रोब जिवंत असेल तर आकडा चढायलाच हवा. ढिम्म हलला नाही तर प्रोब बिघडली, किंवा गुठळीत आहे, किंवा तो भाग गेलेला आहे.

पाऊलवाट

प्रोब न घालता बाहेरून मोजता येत नाही का? कपाळाला चिकटवायचे पॅच बघितलेत मी, हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या नातेवाईकाला लावले होते.

भूलवाला

येतं, ते एनआयआरएस. १९७७ मध्ये योब्सिस यांनी दाखवलं की लाल रंगापलीकडचा अवरक्त प्रकाश कवटीतून आरपार जाऊन आतल्या हिमोग्लोबिनबद्दल सांगू शकतो. हृदयाच्या ऑपरेशनला आणि नवजात बाळांत त्याचा उपयोग होतो. पण डोक्याला मार लागलेल्यात अडचण अशी की कपाळाची कातडी सुजलेली, खाली रक्त साकळलेलं, पट्ट्या बांधलेल्या. प्रकाशाला वाटेतच अडवणारं इतकं काही असतं की आकडा कातडीचा की मेंदूचा हे ठरवता येत नाही. मी अशा पेशंटमध्ये फक्त त्यावर निर्णय घेणार नाही.

तिसरा मार्ग मानेच्या शिरेतून. गळ्यातल्या शिरेत नळी उलट वर, कवटीच्या तळापर्यंत सरकवायची आणि मेंदूतून परत येणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजायचं. साधारण ५५ ते ७५ टक्के उरायला हवा. ५० च्या खाली म्हणजे मेंदू हाताला लागेल तेवढा ओरबाडून घेतोय, पुरत नाहीये. ७५ च्या वर असेल तरी खुश व्हायचं कारण नाही, कदाचित मेंदू घेतच नाहीये, कारण घेणारे राहिलेले नाहीत. सगळ्या मेंदूची सरासरी मिळते हा फायदा, आणि एखादा कोपरा गुदमरत असेल तर तो सरासरीत बुडून जातो हा तोटा. नळीचं टोक जरा हललं की आकडा बदलतो, त्यामुळे हे करणारे कमी कमी होत गेले.

तळटीप

धागा छान आहे आणि रात्रपाळी यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितोय. पण एक बाजू राहतेय. मी संशोधनाच्या क्षेत्रात आहे. आकडा सुधारणं वेगळं आणि माणूस सुधारणं वेगळं. फ्रान्समध्ये २५ केंद्रांत ऑक्सी-टीसी नावाची चाचणी झाली, ३१८ पेशंट, अर्ध्यांना फक्त प्रेशर मोजून उपचार, अर्ध्यांना प्रेशर आणि मेंदूचा ऑक्सिजन दोन्ही. २०२३ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आली. सहा महिन्यांनी वाईट परिणाम एका गटात ५१ टक्के, दुसऱ्यात ५२. म्हणजे फरक नाहीच. त्यासाठी डोक्यात अजून एक भोक, अजून एक वायर, रक्तस्राव आणि इन्फेक्शनची थोडी का होईना जोखीम. एका रात्रीच्या गोष्टीवरून सगळ्यांना प्रोब घाला असं म्हणता येत नाही. शिवाय त्या रात्री चूक व्हेंटिलेटरची होती, कॅपनोग्राफकडे वेळेत लक्ष गेलं असतं तर प्रोबची गरजच पडली नसती.

रात्रपाळी

तळटीप, कॅपनोग्राफचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि ते मला लागलंही, कारण खरं आहे. त्या रात्रीनंतर मी रेट वाढवला की टायमर लावते आणि नवीन मुलींनाही तेच शिकवते. पण त्या वेळी माझं लक्ष तिकडे कुणी वळवलं तर त्या घसरणाऱ्या आकड्याने. बाकी सगळे आकडे मला "सगळं छान" असंच सांगत होते. चाचण्यांवर भूलवाले सर बोलतील.

भूलवाला

बोलतो. तळटीप यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण आधीची बूस्ट-२ ही चाचणी पण बघा, अमेरिकेत १० आयसीयूंत, ११९ पेशंट, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त प्रेशरवर उपचार केलेल्यांत मेंदूचा ऑक्सिजन २० च्या खाली असण्याचा वेळ ४५ टक्के होता, दोन्ही बघून उपचार केलेल्यांत १६ टक्के. थांबून विचार करा, जे पेशंट आपल्या मते व्यवस्थित सांभाळले जात होते ते जवळपास अर्धा वेळ उपाशी होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मृत्यू ३४ टक्के विरुद्ध २५ टक्के, पण एवढ्या कमी पेशंटांत हा फरक योगायोगाने सुद्धा येऊ शकतो, त्यामुळे मी तो पुरावा म्हणून वापरत नाही. ती चाचणी आकडा वर आणता येतो का आणि ते सुरक्षित आहे का एवढ्यासाठीच होती. माणूस सुधारतो का यासाठी अमेरिकेत हजाराहून जास्त पेशंटांची बूस्ट-३ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बोनान्झा अशा मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

मार्गदर्शक तत्त्वंही डगमगलीत. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनने २००७ मध्ये १५ हा उंबरठा सांगितला होता, २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत पुरावा पुरेसा नाही म्हणून तो काढून टाकला.

पण एक गोष्ट इथे सगळ्यांच्या लक्षात यावी. प्रेशर मोजण्याची पण हीच कथा आहे. बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये ३२४ पेशंटांवर चाचणी झाली, २०१२ मध्ये आली, प्रेशरची प्रोब घालून उपचार आणि फक्त तपासून व सीटी बघून उपचार, परिणाम सारखाच. म्हणून प्रेशर मोजणं कुणी सोडलं का? नाही. कारण मॉनिटर स्वतः कुणाला बरं करत नाही. आकडा बघून आपण काय करतो त्याची ती परीक्षा असते, आणि दोन गटांत तेच केलं तर निकाल सारखाच लागणार.

माझं मत असं की आकडा पडला म्हणजे "ऑक्सिजन वाढवा" असं ऐकू येत असेल तर प्रोब घालूच नये. तो आकडा विचारतो की कुठे अडलंय.

ऑपअँप

म्हणजे फॉल्ट फाइंडिंग. सप्लाय, लाइन, लोड, एकेक टप्पा तपासत जायचं.

भूलवाला

अगदी तसंच. २०१९ मध्ये सिएटलला ४२ तज्ज्ञ बसले होते आणि त्यांनी नेमके चार खण केले. प्रेशर ठीक आणि ऑक्सिजन ठीक, प्रेशर जास्त पण ऑक्सिजन ठीक, प्रेशर ठीक पण ऑक्सिजन कमी, आणि दोन्ही बिघडलेलं. प्रत्येकाचे उपचार वेगळे. रात्रपाळी यांचा मुलगा तिसऱ्या खणात होता, आणि फक्त प्रेशर मोजलं तर हा तिसरा खण दिसतच नाही, तो पहिल्यासारखाच दिसतो. दुसऱ्या खणाचाही फायदा आहे हे लोक विसरतात. प्रेशर २४ आहे पण मेंदू नीट खातोय-पितोय, तर मी जहाल उपचारांची घाई करत नाही, कारण त्या उपचारांचेही तोटे असतात.

तिसऱ्या खणात मी बघतो काय? बीपी मेंदूला पुरतंय का. ज्या पेशंटची रक्तप्रवाह सांभाळायची यंत्रणा मारामुळे बंद पडलीय त्याला ६० चं सीपीपी कधीकधी पुरत नाही, ७० लागतं, मग बीपी वाढवणारं औषध, नॉरअॅड, थोडं वाढवून बघायचं. कार्बन डायऑक्साइड, कारण तो १ मिलिमीटर पाऱ्याने घसरला तरी मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ टक्क्यांनी कमी होतो. मग हिमोग्लोबिन, म्हणजे मालगाडीला डबेच किती आहेत. ताप, कारण एका अंशाने मेंदूची भूक वाढते. फिट, आणि ही फसवी, हातपाय अजिबात हलत नाहीत पण आत वीज कडाडत असते, ईईजी लावल्याशिवाय कळत नाही. फुप्फुसं. आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजनचा नॉब.

कवडसा

सर, शेवटचंच विचारायचं होतं. आम्ही बाहेर बसून हेच म्हणत होतो, कमी आहे तर पूर्ण ऑक्सिजन द्या ना. एवढा सोपा उपाय का करत नाहीत? डॉक्टर पैसे वाचवतायत का, इतपत बोलणी झाली आमच्यात, आता लाज वाटते.

भूलवाला

लाज कसली, आपलं माणूस आत असलं की कुणीही हेच बोलेल. नॉब वाढवला तर आकडा वर जातो हे खरंय, पटकन जातो, म्हणून मोह होतो. पण रक्तात ऑक्सिजनचा दाब खूप चढवला की रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसाला इजा होते, आणि ऊतकाला जास्त ऑक्सिजनचं विष पण होतं. मुख्य म्हणजे खरी अडचण झाकली जाते. रात्रपाळी यांनी त्या रात्री नुसता नॉब फिरवला असता तर आकडा २३ झाला असता, रेट २४ च राहिला असता आणि रक्तवाहिन्या तशाच आवळलेल्या.

पाऊलवाट

मग हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त चढवायचं?

तळटीप

त्यावरही वाद आहे. रक्त चढवलं की बहुतेकांचा मेंदूतला ऑक्सिजन वाढतो, पण थोडासाच, आणि सगळ्यांचा नाही. २०२४ मध्ये दोन चाचण्या आल्या. एकीत, हेमोशनमध्ये, ७४२ पेशंट होते, हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवणं आणि ७ पर्यंत वाट बघणं यात मुख्य निकालात ठोस फरक दिसला नाही. दुसरीत, ट्रेनमध्ये, डोक्याच्या माराबरोबर मेंदूतल्या रक्तस्रावाचे पेशंट पण होते आणि ९ चा उंबरठा ७ पेक्षा बरा ठरला. म्हणजे सरसकट नाही, पण ७ पर्यंत थांबणं सगळ्यांना परवडत नाही असं दिसतं.

आणि भूलवाले सर, तुमचा बोलिव्हियाचा मुद्दा मान्य. मी प्रोबच्या विरोधात नाही. माझी भीती एवढीच की जिथे रात्री त्या आकड्याकडे बघणारं कुणी नाही तिथेही ती घातली जाईल.

रात्रपाळी

तळटीप, या शेवटच्या वाक्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. एका नर्सकडे असे दोन पेशंट एकदम असतील तर प्रोब काय करणार बिचारी. आमच्याकडे अशा बेडला एक माणूस ठरलेला असतो म्हणून जमतं.

ज्यांच्याकडे ही प्रोब नाही त्यांनी मन छोटं करू नका, हे मला मुद्दाम लिहायचंय. डोकं वर आणि सरळ, गळ्याभोवतीची टेप किंवा कॉलर घट्ट नाही, बीपी पडू द्यायचं नाही, ताप चढू द्यायचा नाही, कार्बन डायऑक्साइडवर नजर, सक्शन लांबवायचं नाही आणि आधी ऑक्सिजन देऊनच करायचं. यातली प्रत्येक गोष्ट मी प्रोबवर डोळ्यांनी बघितलीय, मान डावीकडे वळली की आकडा ४-५ ने पडतो आणि सरळ केली की परत येतो. प्रोब असो नसो, मेंदू तिथे तेच भोगत असतो. ती वायर लावलेले पेशंट सांभाळून मी बिनवायरीचे पेशंट जास्त नीट सांभाळायला शिकले.

कवडसा

रात्री आईला हा धागा वाचून दाखवला. ती उठून आत गेली आणि एक छोटी वही घेऊन आली. त्या दिवसांची. मला माहीतच नव्हतं की ती लिहून ठेवायची. तारीख, वेळ आणि दोन आकडे, प्रेशर आणि ऑक्सिजन. ९ च्या भोवती तिने गोल केलाय. तिसऱ्या दिवशीचं एक तिने विचारायला सांगितलंय. भेटीच्या वेळात आत होती तेव्हा आकडा ३१ होता, तिच्यासमोर तो १४ वर आला आणि ती निघेपर्यंत २९. तिला दोन वर्षं वाटतंय की तिने त्याचा हात धरला म्हणून तो पडला.

रात्रपाळी

आईंना सांगा, हात धरल्याने एवढा पडत नाही. इतका झटकन पडून इतका झटकन वर येणं म्हणजे बहुतेक वेळा सक्शन, कूस बदलणं किंवा खोकला. त्या वेळी तिथे कुणी काही करत होतं का, विचारा त्यांना.

कवडसा

विचारलं. म्हणाली, हो, दोघीजणींनी त्याला कुशीवर वळवून पाठीखालची चादर बदलली होती.

रात्रपाळी

मग तेच.

कवडसा

ती रडतेय पण बरं वाटतंय तिला. अजून एक, सहाव्या दिवशी ऑक्सिजनच्या रकान्यात आकडा नाही, नुसतं "काढलं" असं लिहिलंय. त्या दिवशी आम्हाला वाटलेलं की आता आशा सोडली म्हणून काढलं.

भूलवाला

मी तिथे नव्हतो, पण ही प्रोब साधारण पाचेक दिवसच ठेवतात, जास्त दिवस ठेवली तर इन्फेक्शनची भीती. आणि दिवसभर काही खास न करता आकडे आपले आपण चांगले राहिले की आम्ही ती काढतो. वहीत त्याच्या आदल्या दिवशीचे आकडे काय आहेत?

कवडसा

२७, २८, २८, ३०.